पेसमेकर बसवल्यावर मोबाइल किती लांब ठेवायचा?

विट्याजवळच्या एका गावातून एका गृहस्थांनी विचारले आहे की, त्यांच्या ६८ वर्षांच्या वडिलांना महिन्यापूर्वी मिरजेत डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला आणि घरी सोडताना ‘मोबाइल लांब ठेवा’ एवढेच सांगितले गेले. लांब म्हणजे किती, हे कुणी सांगितले नाही. गावात ज्याने त्याने त्यात भर घातली. कुणी मिक्सर नको म्हणाले, कुणी टीव्ही, कुणी विहिरीवरची मोटर. शेवटी घरच्यांनी वडिलांचा फोन काढूनच घेतला आणि आता ते दिवसभर गप्प बसून असतात. आईला रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो, त्याच्याजवळ फोन चालेल का, हीही शंका आहे. शिवाय वडील आयसीयूत असताना दारावरच्या माणसाने नातेवाइकांचे फोन बंद करायला लावले, आत मात्र डॉक्टर फोनवर बोलत होते. मग धोका खरा आहे, की तो नुसता नियम आहे?

सांगली-मिरज भागातील रुग्णालयांची उपकरणे बसवणे, तपासणे आणि दुरुस्त करणे हा माझा बरीच वर्षे व्यवसाय आहे. मी डॉक्टर नाही. त्यामुळे आपल्या वडिलांच्या हृदयाविषयी मी काही सांगणार नाही. यंत्र आणि फोन एकमेकांच्या जवळ आले की काय होते, हे मात्र मला नीट सांगता येईल.

आधी उत्तर देतो, कारणे नंतर. वडिलांचा फोन त्यांना आजच परत द्या. अट एकच आहे की, पेसमेकर आणि फोन यांच्यात किमान १५ सेंटीमीटर, म्हणजे ६ इंच अंतर राहिले पाहिजे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला हाच आहे आणि बहुतेक पेसमेकर उत्पादकही हेच सांगतात. आपल्याकडची एक वीत साधारण ९ इंचांची धरतात, तेव्हा एक वीत अंतर राखले की पुरेशी मोकळीक मिळते आणि मोजपट्टीही लागत नाही. फोनवर बोलताना पेसमेकर डावीकडे असेल तर फोन उजव्या कानाला लावावा. एवढे पाळले तर ते मुलींशी, मित्रांशी, दुकानदाराशी हवे तितका वेळ बोलू शकतात.

‘लांब ठेवा’ या दोन शब्दांमुळे गोंधळ होतो, कारण त्यांत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात. फोनमधून निघणाऱ्या रेडिओ लहरी ही पहिली, फोनमधले आणि त्याच्या सोबतच्या वस्तूंमधले चुंबक ही दुसरी आणि चार्जर व घरातली वीज ही तिसरी. तिन्हींचा परिणाम वेगळा आहे आणि काळजीही वेगळी आहे. लोक पहिलीला घाबरतात, पण माझ्या पाहण्यात दुसरी आणि तिसरी जास्त दुर्लक्षित आहेत.

लहरींपासून सुरुवात करू. पेसमेकर नुसता ठोके देत नाही, तो आधी ऐकतो. हृदयाच्या आत बसवलेल्या तारेतून त्याच्यापर्यंत येणारा संकेत फार बारीक, म्हणजे काही मिलिव्होल्टांचा असतो. हृदयाने स्वतःहून ठोका दिला की पेसमेकर आपला ठोका राखून ठेवतो आणि ठरावीक वेळात ठोका आला नाही तर स्वतः देतो. शेजारी हलगी कडाडत असताना कुणाची कुजबुज ऐकायची असेल तर जशी अडचण होते, तशी अडचण त्याला बाहेरच्या लहरींमुळे होऊ शकते. गोंगाटालाच तो हृदयाचा ठोका समजला, तर गरज असताना गप्प बसेल. गोंगाट सतत चालू राहिला, तर बहुतेक पेसमेकर ऐकण्याचा नाद सोडून ठरावीक गतीने ठोके देऊ लागतात. तशी सोय त्यांच्यात मुद्दामच केलेली असते. दोन्ही परिणाम तात्पुरते असतात. गोंगाटाचा उगम दूर गेला की यंत्र पूर्ववत चालते, त्यात कायमचा बिघाड होत नाही.

ही नुसती कल्पना नव्हती. १९९७ साली अमेरिकेत ९८० पेसमेकरधारकांवर मोबाइलची पद्धतशीर चाचणी घेतली गेली, आणि सुमारे २० टक्के चाचण्यांत कुठला ना कुठला अडथळा दिसला. तो आकडा आजही भीती घालण्यासाठी सांगितला जातो, पण त्याच चाचणीतली दुसरी गोष्ट सांगायची राहून जाते. फोन नेहमीसारखा कानाला लावलेला असताना गंभीर म्हणावा असा एकही अडथळा आढळला नाही. त्रास झाला तो मुख्यतः फोन थेट पेसमेकरवर धरला तेव्हा. त्यानंतरच्या काळात पेसमेकरच्या धातूच्या डबीत तार जिथून आत शिरते तिथेच लहरी गाळणारे घटक बसवले जाऊ लागले. त्यामुळे आजचे यंत्र त्या काळच्या यंत्रापेक्षा कितीतरी पक्के आहे. तरीही वितीचा नियम मी सोडत नाही, कारण तो पाळायला काहीच लागत नाही.

फोन कोणता आहे यावरही बरेच अवलंबून असते. वडीलधाऱ्यांना ‘साधा बटणांचा फोन बरा, त्यात लहरी कमी’ असे सांगून कीपॅडचा फोन दिला जातो. हा समज बहुतेक वेळा उलटा आहे. तो फोन टू-जीवर चालत असेल, तर ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्याची कमाल शक्ती २ वॉट असते आणि ती सलग न येता सेकंदाला सुमारे २१७ झटक्यांनी येते. रेडिओ किंवा स्पीकरजवळ जुना फोन ठेवला की रिंग वाजण्याआधी जो ‘टिर्र-टिर्र’ आवाज यायचा, तो याच झटक्यांचा. फोर-जी फोनची कमाल शक्ती याच्या सुमारे दहावा भाग, म्हणजे ०.२ वॉटच्या आसपास असते. शिवाय कोणताही फोन सदैव कमाल शक्तीने बोलत नाही. टॉवर जवळ असेल तर तो हळू बोलतो, रेंज कमी असेल तर जोर लावतो. म्हणून डोंगराच्या कुशीतल्या वस्तीवर, लिफ्टमध्ये किंवा तळघरातल्या एक्स-रे विभागात, रेंजची एकच दांडी दिसत असताना, फोन अंगापासून थोडा अधिक दूर धरावा. गावातल्या टॉवरची काळजी मात्र करू नये, कारण टॉवरची शक्ती जास्त असली तरी घरापर्यंत येईतो ती फार विरळ झालेली असते. फोनच्या खोक्यावर छापलेला ‘सार’चा आकडाही या कामाचा नाही. भारतात त्याची मर्यादा प्रति किलो १.६ वॉट आहे, पण ती शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेविषयी आहे. यंत्राला अडथळा होईल की नाही, हे त्यावरून कळत नाही.

आता चुंबक, आणि इथे मी थोडा थांबणार आहे. पेसमेकरला चुंबक कळतो, आणि तो कळावा अशीच त्याची रचना असते. तपासणीच्या वेळी डॉक्टर छातीवर गोल चुंबक ठेवतात. त्याबरोबर यंत्र ऐकणे थांबवून ठरावीक गतीने ठोके देते आणि त्या गतीवरून बॅटरीचा अंदाज घेता येतो. ही सोय करणाऱ्या कळीला डॉक्टरचा चुंबक आणि खिशातल्या वस्तूचा चुंबक यांतला फरक कळत नाही. सुमारे १० गॉसपर्यंतच्या चुंबकीय क्षेत्रात यंत्राचे वर्तन बदलू नये, अशी आंतरराष्ट्रीय कसोटी आहे. पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असते, त्यामुळे रोजच्या जगण्यात १० ही मर्यादा ओलांडली जात नाही. पण लहानसा निओडायमियम चुंबक अंगाला टेकला की तो ती सहज ओलांडतो.

२०२० साली आलेल्या आयफोन १२ मध्ये पाठीमागे चुंबकांचे कडे बसवले गेले, तारेविना चार्जिंग करताना चार्जर नीट चिकटावा म्हणून. २०२१ च्या सुरुवातीलाच अमेरिकेतील डॉक्टरांनी नोंदवले की असा फोन छातीवर ठेवताच आयसीडीचे, म्हणजे बेलगाम धावणाऱ्या हृदयाला झटका देणाऱ्या रोपण केलेल्या यंत्राचे, झटका देण्याचे काम थांबते. अॅपलने स्वतःही सांगितले आहे की असा फोन रोपण केलेल्या यंत्रापासून १५ सेंटीमीटरहून अधिक आणि तारेविना चार्ज होत असताना ३० सेंटीमीटरहून अधिक दूर ठेवावा. दुसऱ्या कोणत्याही फोनला पाठीमागे चिकटणारे कडे, चिकटणारा चार्जर किंवा चिकटणारे पाकीट लावले असेल, तर तोच नियम त्याला लावावा.

इथे पेसमेकर आणि आयसीडी यांतला फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. पेसमेकर मंद हृदयाला ठोका देतो. चुंबक आला तरी तो ठोके देतच राहतो, फक्त न ऐकता देतो. माणसाला थोडी धडधड जाणवेल किंवा काहीच जाणवणार नाही. आयसीडी हे यंत्र जीवघेण्या वेगाने धावणाऱ्या हृदयाला आतून झटका देऊन ताळ्यावर आणते. त्याच्यावर चुंबक आला तर बहुतेक यंत्रे झटका देण्याचे काम स्थगित करतात, आणि ते माणसाला कळतही नाही. काही कंपन्यांची यंत्रे सूर काढून सूचना देतात, सगळी नाहीत. चुंबक दूर केला की काम पुन्हा सुरू होते. पण नेमक्या त्याच काळात गरज पडली तर? म्हणून आयसीडीच्या माणसाच्या बाबतीत वितीचा नियम मी जास्त कडक पाळायला सांगतो. वडिलांना रुग्णालयाने एक कार्ड दिले असेल. त्यावर यंत्राचा प्रकार, कंपनी, मॉडेल आणि बसवल्याची तारीख असते. ते आधी काढून पाहा. पुष्कळ घरांत आयसीडीलाही ‘पेसमेकर’च म्हणतात, त्यामुळे कार्ड पाहिल्याशिवाय खात्री धरू नये.

आता नेमके कुठे चुकते ते सांगतो. आपल्याकडच्या शर्टाला आणि सदऱ्याला एकच खिसा असतो आणि तो डाव्या छातीवर असतो. पेसमेकरही बहुधा डावीकडेच बसवतात. शर्टावर बंडी असेल तर तिचा आतला खिसाही तिथेच येतो. म्हणजे फोन ठेवण्याची आपली पिढ्यान्‌पिढ्यांची जागा आणि यंत्राची जागा एकच झाली. मध्ये कापडाचे दोन थर आणि कातडी, बस. बायकांमध्ये ब्लाऊजमध्ये फोन खोचण्याची सवय सर्रास आहे, आणि डॉक्टरांसमोर ती बोलली जात नाही म्हणून तिच्याविषयी कुणी सांगतही नाही. घरातल्या कुणा आईला, मावशीला यंत्र बसवले असेल तर ही गोष्ट न संकोचता बोलावी आणि कमरेला लावायची छोटी पिशवी शिवून द्यावी. वडिलांसाठी पँटचा किंवा पायजम्याचा खिसा चालेल.

गळ्यात अडकवायचे नेकबँड इअरफोन हा आणखी एक प्रकार, ज्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. त्याच्या दोन्ही टोकांना चुंबक असतात, वापर नसताना ती एकमेकांना चिकटतात आणि बरोबर छातीच्या वरच्या भागावर लोंबतात. फोन विचाराने दूर ठेवणारा माणूस हे चुंबक दिवसभर यंत्राशेजारी वागवत असतो. मी तरी पेसमेकरच्या माणसाला नेकबँड घेऊच नका असे सांगतो. तारेचे इअरफोन कानात असताना काही बिघडत नाही, कारण कान दूर आहे. ते काढून छातीवर टाकू नयेत किंवा वरच्या खिशात कोंबू नयेत. फोनच्या पाकिटाचे झाकण चुंबकाने बंद होत असेल तर तेही लक्षात ठेवावे. आणि रात्री भजन किंवा कीर्तन ऐकत फोन छातीवर ठेवून झोपी जाण्याची सवय असेल, तर ती मोडावी लागेल. फोन कोनाड्यात किंवा उशाशेजारच्या स्टुलावर ठेवून आवाज मोठा केला तरी ऐकू येते.

एक उलटी बाजूही सांगायला हवी. काही नव्या पेसमेकरच्या नोंदी फोनमधल्या अॅपद्वारे ब्लूटूथने डॉक्टरांकडे जातात. तशा रुग्णाचा फोन काढून घेणे म्हणजे त्याची देखरेखच बंद करणे होय. कार्डावरच्या मॉडेलला तशी सोय आहे का, हे रुग्णालयात विचारून घ्यावे.

आयसीयूचा प्रश्न आपण रास्त विचारला आहे. नातेवाइकांना बंदी आणि डॉक्टरांना मुभा हे पाहून कुणालाही वाटेल की नियम खोटा आहे. नियम खोटा नाही, फक्त त्याचे कारण दारावर कुणी समजावून सांगत नाही. रुग्णालयांतली सरसकट बंदी १९९० च्या दशकातली. तेव्हा फोन जास्त शक्तीचे होते, आणि बऱ्याच उपकरणांची लहरी सोसण्याची कसोटी ३ व्होल्ट प्रति मीटर एवढ्याच क्षेत्राची होती. प्राण तगवून धरणाऱ्या उपकरणांसाठी ती पुढे १० झाली. २ वॉटचा टू-जी फोन एक मीटरवर साधारण ८ ते १० व्होल्ट प्रति मीटर क्षेत्र निर्माण करू शकतो, आणि अंतर निम्मे केले की क्षेत्र दुप्पट होते. हा हिशेब पाहिला की ‘एक मीटर दूर’ हा नियम अनेक रुग्णालयांत का रुजला ते कळते. २०१४ साली आंतरराष्ट्रीय मानकात बदल झाला आणि फोनसारखी साधने ३० सेंटीमीटरवर आहेत असे धरून, वेगवेगळ्या पट्ट्यांत ९ ते २८ व्होल्ट प्रति मीटरपर्यंत उपकरण तपासले जाऊ लागले. नव्या व्हेंटिलेटरजवळून डॉक्टर फोन घेऊन गेले तर काही होत नाही ते यामुळे.

पण सगळीकडे उपकरणे नवी नसतात. तालुक्याच्या ठिकाणच्या छोट्या रुग्णालयांत दुसऱ्याकडून घेतलेले, चांगले चालणारे पण जुन्या मानकाचे सिरिंज पंप (ठरावीक गतीने औषध देणारे यंत्र) आणि मॉनिटर असतात आणि त्यांत गैर काही नाही. त्यांच्यावाचून तिथला रुग्ण मिरजेपर्यंत पोहोचणार नाही. अशा ठिकाणी एक मीटरचा नियम आजही योग्यच आहे. नेदरलँड्समध्ये २००७ साली ६१ उपकरणांवर फोनच्या संकेतांची चाचणी झाली आणि २६ उपकरणांत अडथळा आढळला. सिरिंज पंप गजर न वाजवता थांबणे, व्हेंटिलेटर बंद होऊन पुन्हा सुरू होणे असे प्रकारही त्यांत होते. अडथळा आला त्या वेळचे मध्यक अंतर मात्र ३ सेंटीमीटर होते. म्हणजे फोन पंपावर ठेवण्याइतका जवळ असेल तर धोका आहे आणि खोलीत कुणाच्या खिशात असेल तर सहसा नाही. डॉक्टर आणि परिचारिका फोन वापरतात तेव्हा तो पंपाच्या डोक्यावर ठेवायचा नाही हे त्यांना शिकवलेले असते, आणि औषधाचा निर्णय एका मिनिटात मिळण्याचा फायदा त्या थोड्या धोक्यापेक्षा मोठा असतो. नातेवाईक बिचारा रात्रभर जागा असतो; हातातला फोन तो दिसेल त्या सपाट जागेवर ठेवतो, आणि आयसीयूत पंपाइतकी सोयीची सपाट जागा दुसरी नसते. खरे तर पहारेकऱ्याच्या हातातला वॉकीटॉकी मोबाइलपेक्षा बराच जास्त शक्तीचा असतो. १९९७ च्या ब्रिटनमधील तपासणीत एक मीटरवरून मोबाइलने ४ टक्के उपकरणांना अडथळा केला, तर आपत्कालीन सेवांच्या हातातल्या रेडिओ संचांनी ४१ टक्के उपकरणांना. तेव्हा वॉकीटॉकी घेऊन आयसीयूच्या आत येऊ नये हा नियम मी दारावरच्या नियमाच्याही आधी लावला असता.

आणि तरीही, आयसीयूत फोनमुळे होणारी जी हानी मला सर्वांत जास्त सतावते, ती लहरींची नाहीच. ती प्लगची आहे. नातेवाइकाचा फोन उतरलेला असतो, खाटेच्या डोक्याशी सॉकेटची रांग असते आणि एकही रिकामे नसते. तो त्यातला एक प्लग काढतो आणि चार्जर लावतो. यंत्र बंद पडत नाही, पडदा चालू राहतो, म्हणून त्याला वाटते की काही बिघडले नाही. प्रत्यक्षात पंप त्या क्षणापासून बॅटरीवर गेलेला असतो. पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचे लहानसे चिन्ह उमटते, बाकी काही बदलत नाही. जुन्या पंपाची बॅटरी किती वेळ टिकेल हे कुणी सांगू शकत नाही. त्या पंपातून रक्तदाब टिकवून धरणारे नॉरअॅड्रेनालिन चालू असेल आणि तो थांबला, तर काही मिनिटांत रक्तदाब कोसळतो. म्हणून रुग्णालयातले कोणतेही सॉकेट, विशेषतः लाल रंगाचे किंवा ‘यूपीएस’ असे लिहिलेले, विचारल्याशिवाय वापरू नये, आणि त्यातला प्लग तर कधीच काढू नये. फोन बाहेरच्या प्रतीक्षागृहात चार्ज करावा.

एमआरआयच्या खोलीचा नियम सर्वांना सारखाच आहे, डॉक्टरांनाही. तिथला १.५ टेस्लाचा चुंबक म्हणजे १५,००० गॉस, आणि तपासणी चालू नसतानाही तो चालूच असतो. फोन हातातून खेचला जाऊन आत पडलेल्या माणसाला लागू शकतो. पेसमेकर असलेल्या माणसाला त्या खोलीत न्यायचे की नाही, हे यंत्राचे मॉडेल पाहून डॉक्टर ठरवतात. काही नव्या यंत्रांना अटींसह परवानगी असते.

ईसीजी काढताना ‘मोबाइल बंद करा’ असे सांगतात, तेही बरोबर आहे, पण आलेख थरथरला की दर वेळी फोनलाच दोष देणे बरोबर नाही. दवाखान्यातून असा कागद माझ्याकडे येतो तेव्हा मी आधी मोठा चौकोन मोजतो. नेहमीच्या गतीने काढलेल्या आलेखात ५ मिलिमीटरच्या एका मोठ्या चौकोनात बारीक दहा शिखरे एकसारखी दिसली, तर तो ५० हर्ट्झच्या घरगुती विजेचा परिणाम असतो. तिथे अर्थिंग तपासावे लागते, किंवा खाटेला टेकलेला एखादा स्वस्त चार्जर काढावा लागतो. फोन बंद करून त्यात काहीच फरक पडत नाही.

आईच्या कॉन्सन्ट्रेटरविषयी आपली शंका लहरींची असेल तर निश्चिंत राहा. त्यातला कॉम्प्रेसर हवा दाबतो, यंत्र तिच्यातला नायट्रोजन गाळून ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध ऑक्सिजन देतो, आणि फूटभर अंतरावरच्या फोनने त्याचे काही बिघडत नाही. मला काळजी आगीची आहे. नळी नाकातून काढून गादीवर टाकली आणि यंत्र चालूच राहिले, तर गोधडीच्या कापडात ऑक्सिजन भरतो. असे कापड एका ठिणगीने भडकते. त्या गोधडीवर चार्ज होत, तापत असलेला फोन ठेवू नये. चार्जिंग खाटेपासून चांगले दूर करावे. कॉन्सन्ट्रेटरचा प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये असावा, चार-पाच चार्जर लावलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर नसावा. वीज गेल्यावर काय करायचे, हे मात्र फोनच्या प्रश्नापेक्षा मोठे आहे. इन्व्हर्टर किती वेळ ओढेल हे दिवसा एकदा चालवून पाहावे आणि भरलेला सिलिंडर घरात ठेवावा.

घरातल्या बाकीच्या वस्तूंचे भय सोडून द्या. टीव्ही, फ्रिज, मिक्सर, पंखा, मोटारसायकल यांपैकी कशानेही, छातीला चिकटवून धरल्याशिवाय, काही होत नाही. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर हात लांब करून दाबावा, पेटीवर ओणवे होऊन आत डोकावू नये. इंडक्शन शेगडीपासून ६० सेंटीमीटर, म्हणजे सुमारे दोन फूट दूर राहावे असा ब्रिटिश हार्ट फाउंडेशनचा सल्ला आहे. गॅसवर स्वयंपाक होत असेल तर हा प्रश्नच नाही. मला जास्त भीती गळती विजेची वाटते. ओल्या हाताने मोटरच्या पेटीला किंवा गिझरच्या नळाला झिणझिण्या येत असतील, तर निरोगी माणूस हात झटकून विसरून जातो. पण तोच बारीक प्रवाह अंगातून जाताना यंत्राला तो हृदयाचा ठोका वाटू शकतो, आणि आयसीडी असेल तर नको तेव्हा झटकाही बसू शकतो. घराचे आणि विहिरीवरचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या आणि गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर बसवा. पेसमेकरच्या घरात मी फोनच्या आधी हे काम करायला सांगतो.

आपण विट्याकडचे आहात, म्हणून एक विचारतो. खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशभर आहेत. वडील त्या धंद्यातले असतील आणि दुकानात किंवा पाहुण्यांकडे सोने वितळवण्याची भट्टी इंडक्शनची असेल, तर तिथे त्यांनी जाऊ नये. ती घरगुती शेगडीपेक्षा पुष्कळ जास्त शक्तीची असते, आणि तिच्यासाठी मी सर्वांना लागू पडेल असे अंतर सांगू शकत नाही. भट्टीवर लिहिलेली शक्ती व वारंवारता टिपून घ्यावी, फोनने तिच्या पाटीचा फोटो काढावा आणि तो पेसमेकरच्या तपासणीला नेऊन डॉक्टरांना व कंपनीच्या तंत्रज्ञाला दाखवावा. वेल्डिंगच्या कामाबाबतही हेच.

इतके सांभाळूनही कधी फोन हातात असताना भोवळ आली किंवा धडधड झाली, तर फोन लगेच दूर ठेवावा आणि वडिलांना खाली बसवावे. लगेच बरे वाटले तर तारीख, वेळ आणि फोन नेमका कुठे होता ते कागदावर लिहून ठेवावे. बरे वाटले नाही, शुद्ध हरपली किंवा आयसीडीचा झटका बसला, तर फोनचे कारण शोधत न बसता रुग्णालय गाठावे. तारेची जागा हलणे, जखमेत जंतू शिरणे अशी कारणे पहिल्या काही महिन्यांत फोनपेक्षा कितीतरी अधिक संभवतात. लिहिलेला कागद तपासणीच्या दिवशी सोबत न्यावा. यंत्राच्या स्मृतीत गोंगाटाच्या आणि अनियमित ठोक्यांच्या घटना अनेकदा वेळेसह नोंदलेल्या असतात. आपल्या कागदावरची वेळ आणि तिथली वेळ जुळली, तर दोष फोनचा होता की तारेचा, हे तंत्रज्ञाला तिथेच पाहता येते.